पाऊस, उकाडा आणि डिप्रेशनच्या गोळ्या: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, हे पहिलं. सात वर्षं एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी घेतेय, भांडुपला राहते, नोकरी फोर्टात. ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये की मी गोळ्या घेते आणि त्याबद्दल बोलायला लाजत नाही, त्यामुळे मे संपत आला की फोन सुरू होतात, "ताई, पावसात हा त्रास वाढतो का गं?" दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतेय.

आणि आत्ता, ह्या मिनिटाला डोक्यात मरायचे विचार येत असतील तर खालचं वाचत बसू नका. १४४१६ लावा, टेली मानस, सरकारी आहे, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. अगदीच हाताबाहेर जातंय वाटलं तर ११२, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, आणि शेजारचा जो कोण जागा असेल त्याला बरोबर घ्या.

पावसाळ्यात, ढगाळ हवेत आत्महत्या वाढतात ना?

सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटायचं. पण ज्या थंड देशांमध्ये दीडशे-दोनशे वर्षांच्या नोंदी आहेत तिथे उलटंच दिसतं, सगळ्यात जास्त आत्महत्या अंधाऱ्या डिसेंबर-जानेवारीत नाही, तर वसंत संपता संपता आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात, म्हणजे हवा छान झालेली असते, झाडं फुललेली असतात तेव्हा. एमिल दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच ह्यावर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं होतं की ह्यात उष्णतेचा हात नाही, दिवस मोठा झाला की माणसांची धावपळ, भेटीगाठी, व्यवहार सगळं वाढतं आणि त्यात जो आधीच तुटलेला असतो तो जास्त तुटतो. हे पटो न पटो, वसंतातला चढ मात्र नंतर बऱ्याच देशांमध्ये दिसलाय.

छान हवेत माणूस का मरावा? हे काय लॉजिक आहे?

ह्याचं एक उत्तर मला फार पटतं कारण मी ते अंगावर घेतलंय. डिप्रेशन पार तळाला असतं तेव्हा माणसात पाणी प्यायला उठायचीसुद्धा ताकद नसते. मग थोडं बरं वाटायला लागतं, पण सगळं एकदम बरं होत नाही, आधी हातापायात जीव येतो आणि मन मात्र मागेच राहतं. हा मधला काळ नाजूक, अंगात शक्ती आलेली आहे आणि विचार अजून काळेच आहेत.

उन्हाचंही थोडं तसंच असावं असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात २००२ साली १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासून बघितलं, तर मेंदूत सेरोटोनिनची (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) उलाढाल हिवाळ्यात सगळ्यात कमी आणि त्या दिवशी जितकं जास्त ऊन तितकी जास्त, असं निघालं. आपल्या गोळ्या कामही सेरोटोनिनवरच करतात. म्हणजे ऊन आणि गोळी एकाच दारावर टकटक करतात असं समजा (हे माझं सोपं करून सांगणं, डॉक्टर असं बोलले तर मार खातील).

मग गोळ्या घेणाऱ्यांना उन्हाचा जास्त धोका असतो का?

ह्या प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. स्वीडनमधल्या संशोधकांनी देशभरातल्या नोंदी जोडून हे तपासलं आणि २०१६ मध्ये छापलं. एसएसआरआय गटातल्या (सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, माझी एस्सिटालोप्रॅमही त्यातलीच) गोळ्या घेणाऱ्या पुरुषांमध्ये आधीच्या एक-दोन महिन्यांतलं ऊन आणि आत्महत्या ह्यांचा संबंध, गोळ्या न घेणाऱ्या पुरुषांपेक्षा जास्त ठळक दिसला. हे कळल्यावर मी दोन दिवस पडदे लावून बसले होते, खोटं कशाला बोलू.

पण नीट बघा. एक म्हणजे हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. दुसरं, गोळ्या घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात म्हणून तर गोळ्या घेतात, त्यामुळे त्यांच्यात सगळेच धोके जास्त दिसणार, छत्रीवाल्यांच्या गल्लीतच पाऊस जास्त पडतो असं म्हणण्यातला प्रकार. तिसरं, हे सगळ्या लोकसंख्येकडे लांबून बघून दिसणारं चित्र आहे, तुमच्या घरातला दादा शनिवारी ऊन पडलं म्हणून धोक्यात आला असं त्यातून निघत नाही. आणि गोळी बंद करा असं तर त्यातून मुळीच निघत नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की बरं वाटायला लागतं त्या काळात डोळे उघडे ठेवायचे.

स्वीडनचं मुंबईला लागू होतं का पण?

जसंच्या तसं अजिबात नाही. स्टॉकहोममध्ये जूनचा दिवस अठरा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा सहाच तासांचा. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात छोटा अकराचा, म्हणजे फरक फक्त सव्वादोन तासांचा, तेवढा तर आपण कुर्ला ते सीएसएमटी लोकल लेट झाली तर असाच घालवतो. शिवाय आपला वसंत म्हणजे घामाच्या धारा, आणि जून लागला की ऊन वाढायच्या ऐवजी गायब. मुंबईत पाऊस यायची ठरलेली तारीख ११ जून, म्हणजे तिकडे ऊन कळसाला पोचतं नेमकं तेव्हा आपल्याकडे अंधारून येतं. त्यामुळे तिकडचं कॅलेंडर इकडे चिकटवू नका.

उकाड्याचं काय? मे महिन्यात माझं डोकं खरंच फिरतं.

ह्यात तथ्य आहे. २०१८ साली अमेरिका आणि मेक्सिकोच्या कित्येक वर्षांच्या नोंदी घेऊन बघितलं गेलं, महिन्याचं सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्के आणि मेक्सिकोत २.१ टक्के वाढतं असं निघालं. आणि गरम भागातल्या लोकांना सवय असते म्हणून त्यांना फरक पडत नाही, असंही काही दिसलं नाही. टक्का छोटा वाटतो, पण तो अख्ख्या देशावर पडतो.

भारतावरचा अभ्यास २०१७ चा आहे. २० अंशांच्या वर एका दिवसाचं तापमान १ अंशाने वाढलं तर देशभरात साधारण ७० आत्महत्या जास्त होतात, पण हे फक्त पिकं शेतात उभी असतात त्याच हंगामात. बाकीच्या महिन्यांत तसं दिसत नाही. म्हणजे बघा, ऊन डोक्यात शिरण्याआधी पिकात शिरतंय, कर्जात शिरतंय. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे कोणी आकडे काढून सांगायची गरज नाही.

मुंबईतला मामला वेगळा, इथे मला वाटतं सगळ्यात मोठा चोर झोप आहे. पारा ३४ च्या वर फारसा जात नाही पण रात्रीसुद्धा २७-२८ आणि त्यात दमटपणा, पंखा फिरतोय आणि गरम हवाच ढवळतोय, दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं, पहाटे चारला कुठे डोळा लागतो आणि पावणेसहाला पाणी येतं. अशा सलग चार-पाच रात्री गेल्या की चिडचिड, छातीत धडधड, विचार एकाच जागी गोल गोल. डिप्रेशनवाल्याची झोप गेली की ते हलक्यात घ्यायचं नाही, मग मे असो की जानेवारी. ऑक्टोबर हीटमध्येही हेच होतं, फक्त तेव्हा नवरात्राच्या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही.

गोळ्या चालू असताना उन्हाचा शरीराला त्रास होतो का?

होतो, आणि हे डॉक्टर बऱ्याचदा घाईत सांगायचे राहतात. एसएसआरआयने बऱ्याच जणांना घाम जास्त येतो, मला येतो, लोकलमधून उतरते तेव्हा ड्रेस पिळून घ्यावा लागेल अशी परिस्थिती. जुन्या पद्धतीच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिनसारख्या, त्यांचं उलट, घाम कमी होऊ शकतो आणि मग अंग थंडच होत नाही.

घरात वयस्कर माणूस एसएसआरआय घेत असेल आणि शिवाय बीपीची लघवी जास्त करणारी गोळीही चालू असेल तर रक्तातलं सोडियम कमी व्हायची भीती असते. डोकं दुखणं, मळमळ, बरळल्यासारखं बोलणं, तोल जाणं. लोक म्हणतात ऊन लागलं असेल, लिंबू सरबत द्या. सरबत द्या हो, पण डॉक्टरला फोन करून सोडियम तपासायचं का तेही विचारा.

लिथियम (मूडचे मोठे चढउतार आवरायचं औषध) घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, चालताना झोकांडी, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. आणि लिथियम चालू असताना अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तुला स्वतःला पावसात त्रास होतो का?

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. तीन-चार वर्षांपूर्वीचा जुलै. सलग पाऊस, आभाळ म्हणजे ओल्या गोधडीसारखं डोक्यावर, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, आणि मी एकदम खाली गेले. रडू येतंय, चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं, रात्री भलतीच स्वप्नं आणि मग ते मरायचे विचार, जे दोन वर्षं फिरकले नव्हते. मी घरी सांगितलं, हा पाऊस मला मारणार. नवरा म्हणाला चल गावाला जाऊ, तिकडे मोकळी हवा. मी म्हटलं गाव चिपळूणजवळ, तिकडे काय कमी पाऊस आहे.

मग आईने सहज विचारलं, "गोळी घेतलीस का गं?" आणि माझ्या लक्षात आलं की पट्टी सोमवारी संपलेली. सोमवारी रुळांवर पाणी, गाड्या बंद, ऑफिसात अडकले. मंगळवारी केमिस्ट बंद. बुधवारी तो म्हणाला चिठ्ठी जुनी झाली, नवीन आणा, आणि डॉक्टर पावसामुळे आलेच नव्हते. मोजून चार दिवस गोळी नाही. आभाळाला शिव्या देत होते आणि पट्टी रिकामी होती!

गोळी अचानक बंद झाली की अंग असं बंड करतं. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ह्यांच्यात हे लवकर आणि जोरात होतं, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं म्हणून त्याचं सावकाश. तर मुंबईच्या पावसाबद्दल माझं म्हणणं एवढंच, ढगांनी मूड उतरतो, मान्य, पण खरा घोळ होतो तो गोळी चुकल्याने, ओपीडी बुडल्याने आणि आठवडाभर माणसाचं तोंड न बघितल्याने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, तेवढा रोज पडत नाही, पण गाड्या बंद पडायला त्याच्या चौथा हिस्साही पुरतो. म्हणून जूनच्या आधीच डॉक्टरांना सांगून चिठ्ठी नवीन करून घ्या, आठवड्याभराच्या गोळ्या हाताशी जास्त ठेवा आणि दोन गोळ्या ऑफिसच्या बॅगेत असू द्या. व्हिडिओ कॉलवर फॉलोअप होईल का तेही आधीच विचारून ठेवा.

गटारीला दोन पेग चालतील का?

नको. सगळ्यांना वाटतं एकच दिवस तर आहे. दारू स्वतःच मूड खाली नेते, झोप बिघडवते आणि मनावरचा लगाम सैल करते, आणि आधीपासून ते विचार येणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमका तो लगामच महत्त्वाचा. शिवाय "आज प्यायचीये म्हणून आज गोळी नको" असा हिशोब करणारे मी बघितलेत, म्हणजे दोन चुका एकाच रात्री.

त्याच्या पुढचंही सांगते. श्रावणातल्या उपासाला गोळी सोडायची नसते, देव काही बोलत नाही. पोटात जळजळ होत असेल तर साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या. आणि गणपतीला कोकणात जाताना मोदकाचे साचे आठवणीने नेता ना, तसंच पट्टी घ्या, आमच्या गावी साधी क्रोसिन मिळायला तीन किलोमीटर जावं लागतं.

ह्या गोळ्यांनीच आत्महत्येचे विचार येतात असं वाचलं, खरं का?

अर्धं खरं, आणि अर्धं खरं जास्त घाबरवतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा टाकायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. मुलांवरच्या चाचण्यांमध्ये असे विचार किंवा वागणं गोळी घेणाऱ्यांत साधारण ४ टक्के आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के होतं, आणि त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. २४ च्या पुढे असा वाढीव धोका दिसला नाही आणि पासष्टच्या पुढे तर गोळीने धोका कमीच झाला.

लक्ष ठेवायचं ते सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस वाढवला-कमी केला तेव्हा. बसवत नाही, उठवत नाही, पाय सारखे हलतायत, कातडीच्या आत काहीतरी खवळल्यासारखं वाटतंय, झोप गायब, चिडचिड: हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. ह्याच्यावर उपाय असतो, डोस बदलतात, गोळी बदलतात. गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात पण साइड इफेक्ट पहिल्या दिवसापासून हजर, हा ह्या औषधांचा वाईट स्वभाव.

आणि कधीतरी खूप उत्साह, झोप न लागताही फ्रेश, खर्चच खर्च, असं काही झालं असेल तर ते गोळी सुरू करायच्या आधीच सांगा. बायपोलर (कधी असा उत्साह, कधी डिप्रेशन) असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते.

आत्ता मे चालू आहे, पाऊस सुरू झाल्यावर गोळी सुरू करू का?

नाही. डॉक्टरने आज दिली तर आज.

हवामानाचं ॲप बघून डोस कमी-जास्त करता येतो का?

अजिबात नाही. (हा प्रश्न खरंच आलाय, आणि विचारणारा इंजिनिअर आहे.)

परदेशात तो लाइटचा डबा मिळतो, तो घेऊ का?

हिवाळ्यातलं डिप्रेशन म्हणून एक प्रकार आहे, नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याच्यावर तो प्रखर दिवा वापरतात. मुंबईत तुम्हाला त्याची गरज आहे का हे डॉक्टर सांगतील, बायपोलरवाल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच. माझ्यापुरतं, सकाळी उघडीप दिसली की गच्चीवर नाहीतर गॅलरीत अर्धा तास चहा घेऊन बसते, फुकट आहे.

घरच्यांनी काय बघायचं?

आभाळ सोडा, कॅलेंडर बघा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला, पट्टी कधी संपली, किती रात्री झोप नाही, हॉस्पिटलमधून घरी येऊन किती दिवस झाले (हा काळ फार जपायचा). ह्या तारखा फ्रिजवर लिहा. माणसाच्या वागण्यात: निरोपासारखं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" सारखं सारखं म्हणणं, आणि आठवडाभर तळमळत असलेला माणूस एका सकाळी एकदम शांत होणं. ह्या शेवटच्याला लोक "सुटला एकदाचा त्यातून" म्हणतात आणि निवांत होतात. होऊ नका.

आणि घरात महिना-महिन्याच्या गोळ्या साठलेल्या नकोत. त्रासाच्या काळात त्या दुसऱ्या कोणाकडे ठेवायच्या आणि रोजच्या रोज द्यायच्या. मग वर मी आठवड्याच्या जास्तीच्या ठेवायला सांगितल्या त्याचं काय? त्याही त्या दुसऱ्या माणसाकडेच.

विचारलं तर उलट डोक्यात येईल ना त्याच्या?

येत नाही, हे तपासलं गेलंय. सरळ विचारायचं, "मरून जावंसं वाटतं का रे तुला?" आवाज खाली ठेवून, टीव्ही बंद करून, बाकीच्यांना बाहेर पाठवून. हो म्हणाला तर "असं बोलू नये", "पोरांचा विचार कर" हे गिळून टाका. "कधीपासून?" एवढंच विचारा आणि ऐका. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. मला माझ्या वहिनीने असं विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, आणि मी पहिल्यांदा हो म्हणू शकले.

हॉस्पिटलला नेलं तर पोलिस केस होईल का?

ह्या भीतीने लोक उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २०१८ मध्ये, त्यात म्हटलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. हॉस्पिटल नोंद करेल, कोणी चौकशीला येईलही, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

गोळ्या उन्हात खराब होतात का?

पट्टीवर बारीक अक्षरात बहुतेक "३० अंशांखाली ठेवा" असं असतं. गॅसच्या वरचं फडताळ, खिडकीची कड, उन्हात लावलेली गाडी ह्या तीन जागा टाळा. पावसात पट्टीतून काढून उघड्या डबीत घालू नका, ओल धरते.

परवडत नाही, कुठे जाऊ?

केईएम, नायर, सायन, जेजे, चारही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपरला नाममात्र पैसे. सकाळी लवकर जा, रांग असते, जुनी चिठ्ठी आणि रिकामी पट्टी दोन्ही न्या म्हणजे नाव सांगताना गोंधळ नाही. जनऔषधी दुकानात ह्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. ओपीडीचा वार कोणता ते फोन करून नाहीतर आधी एकदा जाऊन विचारा, आणि त्या दिवशी पाऊस जोरात असला तर घरातून अर्धा तास आधी निघा.